सिंधुबंदी गेली, बालबंदी नको

दिवाळी आटोपली की मध्यमवर्गीय घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत काशी, रामेश्वर, अष्टविनायक किंवा फार तर चारधाम यांच्यापुरते असत. आता त्यांत सागरी सहलीची भर पडली आहे. वर्धा जिल्ह्यापासून मुंबईचा किनारा लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर. तरीही वर्ध्याच्या रामनगरात, पुलगाव-हिंगणघाटात वा आर्वीत निवृत्त दांपत्यांच्या हाती क्रूझची माहितीपत्रके दिसू लागली आहेत. सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढायची, मुंबईच्या धक्क्यावर पोहोचायचे आणि मग दोन-चार दिवस अथांग पाण्यावर राहायचे, ही कल्पना आयुष्यभर विहीर आणि धरण एवढेच पाणी पाहिलेल्या माणसाला मोहवणारच.

परंतु या चौकशांबरोबर आणखी एक प्रश्न हळूच विचारला जाऊ लागला आहे. खोली कोणत्या मजल्यावर, जेवण शाकाहारी मिळेल काय, हे विचारून झाल्यावर आवाज थोडा खाली आणून विचारले जाते, ‘लहान मुले फार नसतील अशी एखादी फेरी आहे का?’ विचारणारे कोणी निष्ठुर नसतात. बहुधा तेही कोणाचे तरी आजी-आजोबाच असतात. म्हणूनच हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तसाच तो पाश्चात्त्यांचे अंधानुकरण म्हणून झिडकारण्यासारखाही नाही. त्याच्यामागे काय दडले आहे, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

तुटलेली बेडी

समुद्रप्रवास हाच एकेकाळी हिंदू समाजात वादाचा विषय होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा एकट्या स्त्रीच्या समुद्रगमनाबद्दल केवढे काहूर उठले होते! ज्या समाजाने कान्होजी आंग्र्यांसारखा दर्यासारंग दिला, त्याच समाजाने समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त सांगावे, हा दैवदुर्विलास होता. ती बेडी तुटली आणि त्याबद्दल खंत बाळगणारा आज कोणी उरलेला नाही.

मराठी माणसाचे बोटीशी असलेले नाते त्यापूर्वीही होतेच. रस्ते आणि रेल्वे येण्याच्या आधी मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणारी बोट हीच चाकरमान्यांची जीवनवाहिनी होती. त्या बोटीच्या डेकवर बोचकी, फणस, म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे एकाच ताडपत्रीखाली झोपत. मुले किती, हा प्रश्न तेथे कोणाला सुचलाही नसता. पुढे २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही नौका सुरू झाली आणि काही काळ चालली. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या नौकेने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या सुरू केल्या. सागरी सहल ही केवळ धनिकांची चैन न राहता निवृत्तिवेतनातून बचत करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे.

बालबंदीचा व्यापार

क्रूझवर मुलांचा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो याला कारण आहे. हॉटेलात गोंगाट वाटला तर बाहेर फिरायला जाता येते. नौकेवरून उतरून कोठे जाणार? भोजनगृह, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, डेकवरील खुर्च्या, सारे सामाईक. त्यात चार दिवस शेजारच्या खोलीत रडणारे मूल असले, की पैसे मोजून विसावा विकत घेणाऱ्याचा विरस होतो. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी ही नाडी केव्हाच ओळखली. ब्रिटनमधील पी अँड ओ या जुन्या कंपनीच्या ‘अर्केडिया’ आणि ‘अरोरा’ या नौकांवर केवळ प्रौढांनाच प्रवेश आहे. ‘सागा’ ही कंपनी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीच सफरी काढते. ‘वायकिंग’ आणि ‘व्हर्जिन’ या कंपन्यांच्या सागरी सफरींत अठरा वर्षांखालील कोणासही घेतले जात नाही.

हे लोण आकाशातही पोहोचले आहे. मलेशियाच्या एअर एशिया एक्स या कंपनीने २०१३ साली विमानात ‘शांत विभाग’ सुरू केला आणि बारा वर्षांखालील मुलांना तेथील आसने देणे बंद केले. आपल्याकडे इंडिगोने २०१६ साली तसाच विभाग जाहीर केला, तेव्हा आईवडिलांनी नाराजी व्यक्त केली आणि व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्यांनी स्वागत केले. दक्षिण कोरियात तर उपाहारगृहांच्या दारावर ‘मुलांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लागल्या. तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ साली अशा एका उपाहारगृहाची प्रवेशबंदी हा भेदभाव ठरवला. पण पाट्या नाहीशा झाल्या नाहीत. त्याच देशात २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी जन्मदर ०.७२ इतका खाली आला. पाट्यांमुळे जन्मदर घटला असे कोणी म्हणणार नाही. त्याची कारणे घरांच्या किमती, नोकरीतील जीवघेणी स्पर्धा, शिक्षणाचा खर्च अशी अनेक आहेत. परंतु ज्या समाजाला मुले हा व्यत्यय वाटू लागतो, तेथील तरुण जोडप्याला मूल हवेसे वाटावे कसे, हा प्रश्न तर उरतोच.

विसाव्याचा अधिकार

येथे एका गोष्टीचा प्रामाणिकपणे स्वीकार केला पाहिजे. ‘लहान मुले नसलेली सहल हवी’ असे म्हणणाऱ्या सर्वांना आत्मकेंद्री ठरवणे हा अन्याय होईल. आजच्या साठीतल्या पिढीकडे पाहावे. या पिढीने सासू-सासऱ्यांची सेवा केली, मुलांची शिक्षणे केली, कर्ज काढून त्यांना पुण्याला आणि पुढे परदेशी धाडले. आणि आता निवृत्तीनंतर तिच्या वाट्याला काय येते? सूनबाईची बाळंतपणाची रजा संपली की आजीने बेंगळुरूला जायचे. व्हिसाची मुदत सहा महिने, म्हणून आधी आईने, मग सासूने, अशा पाळ्या लावून अमेरिकेतील नातवंड सांभाळायचे. नातवंडाचे सुख मोठे आहे, पण गुडघे दुखत असताना दोन वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणे हे कामही मोठे आहे. पाळणाघराला पैसे द्यावे लागतात. आजीला ‘तुला करमत नाही ना, म्हणून बोलावले’ असे सांगितले की भागते. अशी आजी चार दिवस समुद्राकडे बघत निवांत बसू इच्छित असेल, तर तिला संस्कृतीचे पाठ देण्याचा अधिकार कोणाला आहे?

आपल्या परंपरेने तर या विसाव्याला आश्रमव्यवस्थेतच स्थान दिले. धर्मशास्त्राने वानप्रस्थाची वेळ सांगताना तीन खुणा सांगितल्या: अंगावर सुरकुत्या दिसाव्यात, केस पिकावेत आणि नातवंडाचे मुख दिसावे. त्यानंतर गृहस्थाने वनाची वाट धरावी; पत्नीसह धरली तरी चालेल. म्हणजे पती-पत्नींनी उतारवयात घरसंसाराच्या कोलाहलापासून दूर जाण्याची कल्पना पश्चिमेकडून आयात करण्याची आवश्यकताच नाही. ती येथे हजारो वर्षांपासून आहे.

मात्र या व्यवस्थेतला एक बारकावा निसटता कामा नये. वानप्रस्थात निवृत्त होणारा स्वतः बाजूला होतो. घर, अंगण, चूल, सारे तो पुढच्या पिढीच्या हवाली करतो आणि आपण चालू लागतो. घरातील मुलांना बाहेर काढा, म्हणजे मला शांतता मिळेल, असे तो म्हणत नाही. वानप्रस्थ आणि बालबंदी यांत अंतर आहे ते एवढेच, पण ते जमीन-अस्मानाचे आहे. शांततेच्या जागी स्वतः जाणे, ही वृत्ती आहे. जेथे आपण आहोत तेथून मुलांना हटवणे, ही मागणी आहे. पहिल्यात त्याग आहे. दुसऱ्यात केवळ ग्राहकाचा हक्क आहे.

न मागता मिळालेली शांतता

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक, काहीशी करुण बाजू आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १३ लाखांपर्यंत पोहोचली. दहा वर्षांत वाढ जेमतेम ५ टक्के. राज्याची वाढ त्याच काळात सुमारे १६ टक्के होती. मुले शिकतात आणि नागपूर, पुणे, हैदराबादकडे जातात. तेथून परत येणारे थोडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी जन्मदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच खाली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार राज्य शासनाला २०२३ मध्ये करावा लागला, यावरून गावोगावच्या अंगणांची स्थिती कळावी.

तेव्हा वस्तुस्थिती अशी आहे की, मुले नसलेली नौका शोधणाऱ्या दांपत्याचे स्वतःचे घर वर्षातले अकरा महिने मुलांवाचूनच असते. झोपाळा रिकामा, वरचा मजला बंद, अंगणातल्या पेरूवर दगड मारणारे कोणी नाही. नातवाचा आवाज आठवड्यातून एकदा मोबाइलच्या पडद्यावरून येतो. ज्या शांततेसाठी समुद्रावर पैसे मोजायचे, ती शांतता घरी न मागता आलेली आहे. मग त्यांना कंटाळा येतो तो नेमका कशाचा? मुलांचा खचितच नव्हे. कंटाळा येतो तो कोणाचेच वळण नसलेल्या गोंगाटाचा. आणि याचा दोष मुलांकडे जात नाही.

भोजनगृहात मूल ताट आपटते, तेव्हा त्याच्यापुढे मोबाइल ठेवून आईवडील आपल्या मोबाइलमध्ये परततात. मोठ्यांना वाट द्यावी, त्यांच्यासमोर आवाज खाली आणावा, रांग मोडू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शेजारच्या वृद्धाने प्रेमाने दटावले तर ‘आमच्या मुलाला बोलायचे नाही’ असे ऐकावे लागते. पूर्वी वाड्यातील कोणतेही मूल कोणत्याही काकूच्या धाकात असे. तो सामाईक धाक गेला, त्याबरोबर सामाईक मायाही गेली. मग उरतो तो फक्त त्रास, आणि त्रासावर व्यापाऱ्याकडे उपाय तयार असतो: बालबंदीचे तिकीट.

वर्ध्याने काय शिकवले?

योगायोग असा की, मुलांना समाजजीवनाच्या मध्यभागी ठेवण्याचा विचार ज्या भूमीत आकाराला आला, त्यांत वर्ध्याचे स्थान मोठे आहे. १९३६ च्या विजयादशमीला राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली ती वर्ध्यातच. वंदनीय मावशी अर्थात लक्ष्मीबाई केळकर या तरुण वयात वैधव्य आलेल्या, घरात मुलेबाळे असलेल्या गृहिणी. त्यांची मुले शाखेत जाऊ लागली. मुलांच्या वागण्यात पडलेला फरक आईच्या नजरेत भरला. आणि त्यातून डॉ. हेडगेवारांशी भेट व पुढे समितीचे कार्य उभे राहिले. म्हणजे संघटनेचा विचार त्या घराच्या उंबरठ्याच्या आत आणला तो मुलांनी. मुले घरात नसती, किंवा असूनही त्यांच्याकडे पाहायला आईला सवड नसती, तर हा इतिहास असा घडला नसता.

त्यानंतर एका वर्षाने, ऑक्टोबर १९३७ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. दोन्ही कार्यांच्या वाटा वेगळ्या, विचारांत अंतरही होते. पण राष्ट्र घडवायचे तर आरंभ मुलापासून करावा लागतो, याबद्दल दोन्हीकडे शंका नव्हती. सेवाग्रामचा आश्रम असो की संघाची बालशाखा, ज्येष्ठांनी मुलांसोबत बसावे, खेळावे, सूत कातावे वा सूर्यनमस्कार घालावेत, हाच त्यांचा परिपाठ होता.

हिंदू मनाची तर घडणच अशी आहे की त्याने परमेश्वरालाही पाळण्यात घातले. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला ज्याची दोरी ओढायची तो देव बालक असतो. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, ती पाच वर्षांच्या बालरामाची. पाच वर्षांच्या बालकापुढे कोट्यवधी लोक हात जोडून उभे राहतात आणि पाच वर्षांचे बालक शेजारच्या आसनावर नको म्हणतात, ही विसंगती आपल्याला खटकली पाहिजे.

मग करावे काय?

ज्या दांपत्याला शांत सागरी सहल हवी आहे, त्याने ती खुशाल करावी, आणि त्यासाठी कोणा मुलाला अडवण्याची गरज नाही. शाळेचे वेळापत्रक पाहिले की पुरे. मुंबईहून निघणाऱ्या नौकांचा हंगाम मुख्यतः पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यांत दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि एप्रिल-मे टाळावा. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पूर्वार्ध आणि मकरसंक्रांतीनंतरचे दोन महिने, जेव्हा घराघरांत परीक्षांचा अभ्यास चालू असतो, हा काळ निवडावा. शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या दोन रात्रींच्या फेऱ्यांपेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवसांतील लांबची फेरी अधिक निवांत असते. खोली मुलांच्या खेळघरापासून आणि तलावापासून दूर मागून घ्यावी. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस, उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. त्यामुळे जूनच्या मध्यात जेव्हा पुण्या-मुंबईची मुले शाळेत गेलेली असतात, तेव्हा अन्यत्र प्रवास करणाऱ्या वैदर्भीय ज्येष्ठांना गर्दी कमी मिळते. मराठी सहल कंपन्या केवळ ज्येष्ठांसाठी वेगळ्या सहली काढतात, तोही मार्ग आहे. समवयस्कांनी एकत्र जाणे ही कोणावर बंदी नव्हे.

आणि ज्यांना केवळ शांतताच हवी, त्यांना समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही. पवनारला धाम नदीच्या काठी १९५९ साली विनोबांनी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर आहे. वर्ध्याच्या गोपुरीत छत नसलेले गीताई मंदिर आहे. तेथील शिळांमधून संध्याकाळी फिरताना मनाला जे मिळते, ते कोणत्याही डेकवर मिळणार नाही. सेलू तालुक्यात बोरचे अरण्य आहे, ज्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वनाची वाट धरायचीच, तर ती घरापासून तासाभरावर आहे.

दुसरे कर्तव्य मधल्या पिढीचे. आई-वडिलांना नातवंडांसाठी बोलावणाऱ्या मुलांनी वर्षातून एकदा त्यांना त्यांच्यासाठी म्हणून प्रवासाला पाठवावे. तिकीट काढून द्यावे आणि त्या आठ दिवसांत ‘बाळाला ताप आहे, लवकर या’ असा निरोप पाठवू नये. सेवा करून घेणाऱ्याने सेवेची जाणीव ठेवली, की ती करणाऱ्याला थकवा कमी येतो. शिवाय आपल्या मुलाला चारचौघांत बसायचे कसे, हे घरीच शिकवावे. वळण असलेले मूल कोणत्याही नौकेवर कोणाला जड होत नाही; उलट चार दिवसांत साऱ्या डेकचे लाडके होते.

तिसरे कर्तव्य कार्यकर्त्यांचे आणि ज्येष्ठांचे. आपल्या वस्तीत किती घरे वर्षभर मुलांवाचून आहेत आणि किती मुले आजी-आजोबांवाचून वाढत आहेत, याची एकदा नोंद करावी. नोकरीनिमित्त परगावाहून आलेल्या कुटुंबांतील मुले आणि ज्यांची नातवंडे परदेशी आहेत असे ज्येष्ठ, यांची गाठ घालून देणे हे काही मोठ्या निधीचे काम नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक गोष्ट, एक खेळ, थोडा खाऊ. पेरूच्या झाडाला पुन्हा दगड लागू लागतील. थोडा आरडाओरडा होईल, पण तो आपला असेल.

सिंधुबंदीने हिंदू समाजाचे जे नुकसान झाले ते भरून काढण्यास पिढ्या लागल्या. ती बंदी धर्माच्या नावाने आली होती. बालबंदी सुखसोयीच्या नावाने येत आहे, म्हणून ती अधिक गोड वाटते आणि तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. समुद्र सर्वांसाठी खुला झाला आहे. त्यावरून थकलेल्या आजीनेही जावे आणि प्रथमच समुद्र पाहून आनंदाने ओरडणाऱ्या मुलानेही जावे. दोघांच्या वेळा वेगळ्या असू शकतील, खोल्या दूर असू शकतील. पण कोणा एकासाठी दुसऱ्याला धक्क्यावरच थांबवण्याची रीत आपल्या समाजात रुजू नये, एवढी दक्षता आपल्या घरांनी घेतली पाहिजे.